बालमनावरील अतिमानवी नायकांचा प्रभाव : ‘शक्तिमान’च्या अनुषंगाने

प्रस्तावना

अतिमानवी नायक ही कल्पना भारतीय बालकास नवी नाही. समुद्र उल्लंघून जाणारा हनुमान आणि करंगळीवर पर्वत पेलणारा कृष्ण त्यास आजीच्या गोष्टींतून भेटत आले आहेत. मात्र गोष्टीतील हनुमान कानांनी ऐकला जाई आणि त्याचे उड्डाण कल्पनेत घडे. पडद्यावरील नायक प्रत्यक्ष डोळ्यांसमोर उडतो, शत्रूस लोळवितो व पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. अमेरिकेत १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला आणि या नायकाचे आधुनिक रूप रूढ झाले. आपल्याकडे एका संपूर्ण पिढीच्या मनात हे स्थान ‘शक्तिमान’ने मिळविले. अशा नायकाचा बालकाच्या वर्तनावर नेमका कोणता परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘शक्तिमान’ आणि अनुकरणाचा प्रश्न

दूरदर्शनवर सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झालेली ही मालिका २००५ पर्यंत चालली. मुकेश खन्ना यांनी साकारलेला शक्तिमान एरवी गंगाधर या नावाचा, जाड चष्म्याचा, काहीसा बावळट वाटणारा छायाचित्रकार असे. संकट येताच तो हात उंचावून स्वतःभोवती गरगर फिरे. प्रस्तुत लेखक त्या काळी प्राथमिक शाळेत होता. मधल्या सुट्टीत मैदानावर गरगर फिरून भोवळ येऊन पडणारी मुले त्याने पाहिली आहेत. किंबहुना त्यांच्यात तोही असे.

या खेळास लवकरच गंभीर वळण लागले. शक्तिमान वाचवावयास येईल या विश्वासाने मुलांनी उंचावरून उड्या घेतल्याच्या, स्वतःस पेटवून घेतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. प्रत्येक घटनेचे कारण मालिकाच होती काय, याविषयी वाद झाला. परंतु निर्मात्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली व खुद्द शक्तिमान पडद्यावर येऊन ‘माझे अनुकरण करू नका’ असे मुलांना सांगू लागला. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. नायकाचा पोशाख परिधान करून उंचावरून पडल्याने गंभीर जखमी झालेल्या पाच मुलांची नोंद ब्रिटनमधील डॉक्टरांनी २००७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आहे.

अशा मुलांना ‘वेडी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे आहे. जाँ पियाजे यांच्या विवेचनानुसार साधारणतः दोन ते सात वर्षे वयाचे बालक डोळ्यांना दिसते त्यावरून निष्कर्ष काढते आणि कार्यकारणभावाची त्याची जाण अद्याप अपुरी असते. पडणाऱ्या मुलास शक्तिमान झेलतो हे त्याने अनेकदा पाहिलेले असते. ‘मी पडलो तर तो येईल’ हा त्याचा निष्कर्ष चुकीचा असला, तरी त्याच्यापुरता तो तर्कास धरूनच आहे.

आक्रमकता : काय शिकले जाते?

अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्ड येथे बालवाडीतील मुलांवर केलेला ‘बोबो डॉल’ प्रयोग सर्वपरिचित आहे. फुगवलेल्या बाहुलीस मारणारी प्रौढ व्यक्ती पाहिलेल्या मुलांनी तसेच वर्तन केले. येथे त्यांचा १९६५ चा प्रयोग अधिक महत्त्वाचा वाटतो. मारणाऱ्या व्यक्तीस शिक्षा झाल्याचे पाहिलेल्या मुलांनी कमी अनुकरण केले. परंतु बक्षीस देऊ केल्यावर त्यांनीही त्या कृती तितक्याच नेमकेपणाने करून दाखविल्या. म्हणजे कृती आत्मसात झाली होती. ती प्रकट होणे मात्र परिणामावर अवलंबून होते. अतिमानवी नायकाच्या ठोशास शिक्षा कधीच होत नाही, उलट टाळ्या मिळतात, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

सारा कॉइन व सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४० बालवाडीतील मुलांचा समावेश होता. अतिमानवी नायकांमध्ये अधिक रमणारी मुले वर्षभरानंतर अधिक आक्रमक आढळली. नायक दुर्बलांचे रक्षण करतो. परंतु मार खाणाऱ्या सवंगड्याच्या मदतीस धावून जाण्याची वृत्ती या मुलांत वाढलेली दिसली नाही. अर्थात हा सहसंबंध आहे. मुळात आक्रमक असलेली मुले अशा नायकांकडे ओढली जात असतील, ही शक्यता त्यातून पूर्णतः निकालात निघत नाही. या विषयात घाईने आरोप करण्याचा दुष्परिणाम आपल्यासमोर आहेच. फ्रेडरिक वर्थम यांच्या १९५४ च्या ग्रंथाने अमेरिकेत चित्रकथांविरुद्ध मोठी मोहीम उभी राहिली. पुढे २०१२ साली कॅरल टिली यांनी वर्थम यांच्या नोंदीच तपासल्या, तेव्हा त्यांनी पुराव्यात फेरफार केल्याचे उघड झाले.

नायकाचे दुसरे रूप

याच नायकाची उपयुक्त बाजूही प्रयोगातून दिसली आहे. २०१७ सालच्या एका अभ्यासात चार व सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटे एक कंटाळवाणे काम दिले होते. मध्येच ते सोडून खेळावयास जाण्याची मुभाही होती. आपण बॅटमनसारखे एखादे पात्र आहोत असे मानून काम करणारी मुले सर्वाधिक वेळ टिकली. ‘मी’पणापासून थोडे अंतर पडल्याने मोहावर ताबा ठेवणे सोपे जाते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. खांद्यावर टॉवेल बांधून दूध संपविणाऱ्या मुलाच्या आईस हे कोणत्याही प्रयोगाविना ठाऊक असते.

मग चांगुलपणा का झिरपत नाही?

‘शक्तिमान’च्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ या सदरात सद्वर्तनाचे धडे दिले जात. हेतू स्तुत्य होता. परंतु बालकास कथेतून तात्पर्य काढणे आपण समजतो त्याहून पुष्कळ कठीण जाते. मेअर्स व अकोस्टा यांनी २००८ साली बालवाडीतील मुलांना तीन पायांच्या कुत्र्याची एक व्यंगचित्र-कथा दाखविली. अपंगांना आपल्यात सामावून घ्यावे, हा तिचा आशय. अनेक मुलांना मात्र ती केवळ तीन पायांच्या कुत्र्यांविषयीच आहे असे वाटले. पुढील प्रयोगात कथेस जोडूनच आशय साध्या शब्दांत उघड करून सांगितला, तेव्हा मुलांचे आकलन सुधारले. मारामारीचे दृश्य मुलाच्या ध्यानात सहज राहते. ती मारामारी कशासाठी झाली, हे शेजारी बसलेल्या कोणीतरी त्याच वेळी बोलून दाखवावे लागते. ‘शक्तिमान’ रविवारी दुपारी लागत असे. त्या वेळी आमच्या घरातील मोठी माणसे बहुधा झोपलेली असत.