सापडत नाही? मग हे वाचा!

मुलांनो, परवा आमच्या वर्गात एका मुलीला बेडकांवरचं पुस्तक हवं होतं. सगळं कपाट उपसलं, तरी मिळेना! शेवटी ते परीकथांच्या गठ्ठ्यात निघालं. पुस्तक होतं, पण सापडत नव्हतं. म्हणजे नसल्यासारखंच, नाही का?

आता विचार करा, लाखो पुस्तकं आणि संगणकातली अफाट माहिती असेल तर? त्यातून हवं ते चटकन कसं मिळवायचं, याचंही शास्त्र आहे बरं का! डॉ. एस. आर. रंगनाथन मद्रासला गणित शिकवायचे. १९२४ साली ते तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पुस्तकांचं विषयवार वर्गीकरण करायची स्वतःची पद्धत त्यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९६२ साली त्यांनी बंगळूरला भारतीय सांख्यिकी संस्थेत 'डीआरटीसी' हे केंद्र सुरू केलं.

पदवी झाल्यावर मुलं तिथे का जातात? कुणाला इतिहास आवडतो, कुणाला रसायनशास्त्र. इथे पदवी कोणत्याही शाखेची चालते. प्रवेशपरीक्षा मात्र द्यावी लागते. दोन वर्षांत ग्रंथालयशास्त्र आणि संगणक, दोन्हींचा अभ्यास होतो. आपला आवडता विषय सोडावा लागत नाही, उलट तो कामी येतो!

म्हणून पालकहो, "आर्ट्सला गेलास, आता संगणक विसर!" असं एकदम म्हणू नका.

आणि ती मुलगी? दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, कपाट आपणच विषयवार लावू या ना!" आता आमची बेडकं परीकथांत हरवत नाहीत. तुमच्या वर्गातलं कपाट कधी लावताय?