आपलं मूल, पण कुणाच्या ताब्यातून?

"भुरगो म्हजोच, मगीर चोरी कसली?" पेडण्याच्या कोर्टात वकिली करताना हा प्रश्न मी बापांच्या तोंडून ऐकते, आज्यांच्या तोंडून तर त्याहून जास्त. माझं घर केरीत. फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोल, ते गोव्याचंच. पण किल्ला मागे टाकून थोडं पुढे गेलं की रेडी, शिरोडा, म्हणजे महाराष्ट्र. आमच्या सोयरिकी दोन्ही तीरांवर आहेत. नवराबायकोचं फाटलं की मूल नदीपलीकडे जातं. "चार दिवस राहू दे" म्हणत म्हणत शाळेचं वर्ष बुडतं.

मूल पळवणं म्हटलं की लोकांना कोल्हापूरच्या गावित मायलेकी आठवतात. 1990 ते 1996 या काळात त्यांनी लहान मुलं पळवली, त्यांना चोऱ्यांसाठी वापरलं आणि काहींना मारून टाकलं. दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली कायम केली. दयेच्या अर्जावर निर्णय लांबल्याने उच्च न्यायालयाने 2022 साली ती जन्मठेपेत बदलली. त्या प्रकरणाने आयांच्या मनात बसलेली भीती खरी आहे. पण माझ्या टेबलासमोर येणारी माणसं त्यातली नसतात. ती मुलावर जीव टाकणारी असतात, म्हणून तर त्यांना समजावणं जड जातं.

भारतीय न्याय संहितेचं कलम 137 सांगतं की अठरा वर्षांखालच्या मुलाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून, पालकाच्या संमतीवाचून नेलं किंवा फूस लावून नेलं, तर ते अपहरण. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मूल हसत हसत गाडीत बसलं, त्याला पोटभर खाऊ घातलं, अंगाला बोट लावलं नाही, यातलं काहीही बचाव होत नाही, कारण संमती पालकाची लागते, मुलाची नव्हे. 1 जुलै 2024 पूर्वीच्या दंड संहितेत मुलग्यांसाठी ही मर्यादा सोळाची होती. सतरा वर्षांच्या मुलग्याला फूस लावून कामाला नेणारा त्या फटीतून सुटत असे; ती फट बुजली हे फार बरं झालं. मात्र 'नेलं' हे सिद्ध व्हावं लागतं. सज्ञान व्हायला आलेली मुलगी आपल्या मनाने घर सोडून गेली आणि पुरुष नुसता तिच्यासोबत राहिला, तर ते अपहरण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1964 सालीच वरदराजन खटल्यात ठरवलं.

आणि स्वतः बापाने नेलं तर? अमरावतीच्या एका आईने 2023 साली फिर्याद दिली की नवऱ्याने तीन वर्षांचा मुलगा जबरदस्तीने नेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या ऑक्टोबरात गुन्हा रद्द केला. बाप हा नैसर्गिक पालक. कोर्टाच्या आदेशाने त्याला मनाई झालेली नसेल, तर एका पालकाकडून दुसऱ्या पालकाकडे मूल गेलं एवढंच होतं, असा त्याचा अर्थ. कायद्याच्या अक्षराप्रमाणे निकाल बरोबर आहे, असं मी मानते. पण त्याचा परिणाम मी इथे बघते: जो आधी उचलून नेतो, त्याचंच पारडं जड होतं. म्हणून आयांना मी एकच गोष्ट कळकळीने सांगते, पंचांच्या बैठकांत महिने घालवू नका. ताब्याचा अर्ज पहिल्या आठवड्यात करा. कोर्टाचा आदेश हातात असेल तर त्यानंतर मूल ओढून नेणाऱ्याला 'मी बाप आहे' एवढ्यावर सुटता येत नाही.

आजोळचं काय? आई कर्करोगाने गेली, बाप आजारी होता, म्हणून मुलगी आईच्या माहेरच्यांनी सांभाळली आणि पुढे ती परत देईनात, असं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2019 साली मुलगी बापाला मिळाली; माहेरच्यांना भेटायची मुभा राहिली. तिथे कुणाला गुन्हेगार ठरवलं नाही. आपल्याला ताब्याचा हक्क आहे असं प्रामाणिकपणे मानणाऱ्याला अपहरणाच्या कलमातच सूट आहे. पण पळवून आणलेलं मूल आहे हे ठाऊक असून जो घरात लपवतो, त्याला कलम 142 खाली पळवणाऱ्याइतकीच शिक्षा.

कोंडून ठेवणं हा वेगळा गुन्हा, कलम 127. त्याला वर्षापर्यंत कैद, तीन दिवस किंवा जास्त कोंडलं तर तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा जास्त असेल तर पाच. फी थकली म्हणून चिमुरड्या मुलींना शाळेच्या तळघरात बसवून ठेवल्याची तक्रार दिल्लीत 2018 साली पालकांनी केली होती. घरकामाला आणलेली बारा वर्षांची मुलगी, मालकीण बाजाराला गेली की दाराला बाहेरून कडी: यात कोंडणंही आलं आणि बालन्याय कायद्याचं कलम 79 सुद्धा, म्हणजे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. "तिच्या बापाला पैसे दिलेत" हे उत्तर मला अजून ऐकावं लागतं. बापाला दिलेल्या पैशांनी मुलीच्या दाराला कडी लावायचा हक्क विकत मिळत नाही.

मूल बेपत्ता असेल तर चोवीस तास थांबा असं कुणी सांगितलं, तरी ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्ये सांगितलंय की अशी तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच. मूल पलीकडे नेलं असलं तरी हद्दीचं कारण सांगून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही. 1098 हा क्रमांक फुकट लागतो. आणि मूल कुणाकडे आहे हे ठाऊक असूनही ते देत नसतील, तर हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करायला लावणारा, अर्ज: मूल केरीत असेल तर पर्वरीला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे, शिरोड्यात असेल तर ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. हायकोर्ट एकच, दारं दोन. न्यायाधीश पुष्कळदा मुलाला चेंबरमध्ये बोलावतात, दोन्ही बाजूंच्या माणसांना बाहेर ठेवून त्याच्याशी बोलतात. येताना जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि शाळेचा दाखला घेऊन या. मूल आजवर कुणाच्या हाताखाली वाढलं, हे त्या कागदांवरून कळतं.