जुन्या सायकलला क्विक रिलीजचे चाक

जाड टायरांची आणि सरळ हँडलची एखादी जुनी सायकल आज कितीतरी घरांच्या पडवीत धूळ खात उभी असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मुलाने हट्ट करून घ्यायला लावलेली. डोंगरावर चालणारी म्हणून ती विकली गेली. डोंगर तिने क्वचितच पाहिला असेल. पण सांगाडा लोखंडी आणि दणकट. थोडे तेलपाणी केले तर शाळेच्या वाटेला अजून खुशाल चालेल. तिचे एक दुखणे मात्र आहे. बाभळीचा काटा लागला की पुढचे चाक काढायला पाना लागतो, आणि पाना नेमका घरी राहिलेला असतो. म्हणून पुष्कळजण विचारतात, की नव्या सायकलींना असते तसे, नुसती दांडी ओढून सुटणारे क्विक रिलीजचे चाक या सायकलीला बसेल का?

बहुतेक वेळा बसते. पण ते कसे धरते हे समजल्याखेरीज बसवू नये. मागच्या चाकाची चूक झाली तर सायकल अडते. पुढच्याची झाली तर माणूस तोंडावर पडतो. मी पडलेलो आहे. ती दांडी म्हणजे नटाचीच मूठ, असे समजून मी ती गरागरा फिरवून घट्ट केली होती. ओढ्याच्या फरशीवरून चढताना दणका बसला, पुढचा भाग उचलला गेला, आणि चाक काही परत आले नाही! हनुवटीला चार टाके पडले.

चूक काय झाली, ते सांगतो. साध्या चाकाचा एक्सल भरीव असतो व त्याच्या दोन्ही टोकांना नट असतात. क्विक रिलीजचा एक्सल पोकळ असतो. त्या पोकळीतून एक बारीक सळी आरपार जाते. सळीच्या एका टोकाला छोटा नट, दुसऱ्या टोकाला दांडी. दांडीच्या बुडाशी एक गोल भाग असतो, पण त्याचा मध्य जरा एका अंगाला सरकलेला असतो. दांडी मिटली की तो गोल भाग सळीला ओढतो आणि सायकलचा चिमटा दोन्ही बाजूंनी आवळला जातो. म्हणजे चाक धरून ठेवते ते दांडी मिटण्याचे जोर, फिरवण्याचे नव्हे. फिरवायचा असतो तो पलीकडचा नट, आणि तोही फक्त किती आवळायचे ते ठरवण्यापुरता.

ही युक्ती इटलीच्या तुल्लिओ कांपान्योलो यांच्या नावाशी जोडली जाते. 1927 साली डोंगरातल्या एका शर्यतीत थंडीने बोटे बधिर झाली, चाकाचा नट फिरेना, तेव्हा त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. गोष्ट कितपत खरी यावर जाणकारांत वाद आहेत. पुढे 1933 साली त्यांनी विचेंझा गावी आपला कारखाना काढला, एवढे नक्की.

आता आपल्या सायकलीकडे वळू. दुकानात जाण्याआधी पट्टी घेऊन बसा. चिमट्याच्या दोन पायांमधले आतले अंतर, जिथे एक्सल बसतो तिथे, मोजा. क्विक रिलीजच्या पुढच्या हबला ते 100 मिलिमीटर लागते. दोन-चार मिलिमीटर कमी भरले तर काही मिस्त्री चिमटा ताणून चाक कोंबतात. तसे करू देऊ नका. पाय तिरके झाले की दांडीची पकड सपाट बसत नाही. मग एक्सलची खाच पाहा. क्विक रिलीजचा एक्सल 9 मिलिमीटर जाडीचा असतो. काही जुन्या चिमट्यांची खाच 8 मिलिमीटरचीच असते, तिथे कानस मारावी लागते. मारायची तर दोन्ही पायांना, खाचेच्या दोन्ही कडांना सारखी, थोडी थोडी. एका बाजूला जास्त गेली तर चाक कायमचे वाकडे उभे राहील.

टायरचा आकडाही वाचून घ्या. 26 इंच म्हटले म्हणून सगळी चाके सारखी नसतात. 26 गुणिले 1.95 असा दशांशात लिहिलेला टायर 559 मिलिमीटरच्या रिमला बसतो, तर 26 गुणिले 1 3/8 असा अपूर्णांकात लिहिलेला 590 च्या रिमला. रिम बदलली की ब्रेकचे रबर जाग्यावर येत नाहीत. जुन्या हबमध्ये नुसता पोकळ एक्सल घालण्याचा बेत पुष्कळांचा असतो, पण कोन, छर्रे आणि आटे सगळेच जुळावे लागतात. तयार चाक घेणे मला बरे वाटते.

यापुढची तपासणी सर्वांत मोलाची, आणि हीच बहुधा कोणी करीत नाही. सळी न घालता चाक खाचेत बसवा. सायकलीचा भार चाकावर येऊ द्या, म्हणजे एक्सल खाचेच्या तळाला टेकेल. आता बाहेरून चिमट्याच्या पत्र्यावर नख फिरवा. एक्सलचे टोक पत्र्याच्या किंचित आत असले पाहिजे. जुन्या स्वस्त चिमट्यांचा पत्रा पातळ असतो आणि टोक बाहेर डोकावते. असे असेल तर दांडी कितीही जोराने मिटा, ती एक्सलच्या टोकावर आवळते; चिमटा मोकळाच राहतो. हाताला घट्ट लागते आणि चाक मात्र सुटे! दोन्ही टोके सारखी घासून आत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट. नव्या चिमट्यांना खाचेच्या तोंडाशी छोटे ओठ असतात. दांडी सैल झाली तरी चाक लगेच गळून पडत नाही. जुन्या चिमट्यांना ते नसतात. त्यांना आकड्याचे वायसर असत, तेही नटांबरोबर निघून गेले. तेव्हा तुमच्या सायकलीला दांडीखेरीज दुसरा आधार नाही, हे ध्यानात धरा.

सळी घालताना दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांचे निमुळते तोंड हबकडे ठेवा. दांडी सायकलीच्या डाव्या अंगाला. दांडी उघडी धरून पलीकडचा नट फिरवा. दांडी सरळ बाहेर आली की तिथूनच तिने अडायला लागले पाहिजे, आणि शेवटी तळव्याने दाबावी लागली पाहिजे, इतकी की तळव्यावर तिचा वळ क्षणभर उमटावा. बोटाने सहज मिटली तर पुन्हा उघडा व नट थोडा आवळा. मिटलेली दांडी चिमट्याच्या पायालगत, मागे किंवा वर तोंड करून राहू द्या. झुडपात अडकणार नाही. मग सायकल पुढून उचलून टायरवर वरून दोन जोराच्या थापा मारा. चाक हलता कामा नये. दांडी मिटल्यावर एक्सल किंचित दाबला जातो, म्हणून कोन आवळताना अगदी थोडी ढील ठेवलेली असते. मिटल्यानंतरही चाक कुरकुर करू लागले किंवा जड फिरले, तर कोन सैल करून घ्या.

गुरुजींना एक विनंती. शाळेच्या आवारात पोरांना ही दांडी म्हणजे खेळणे वाटते. मधल्या सुट्टीत कोणीतरी ती ओढून ठेवतो आणि संध्याकाळी दुसराच कोणी उतारावरून घरी निघतो. दांडी हलकी वस्तू नव्हे. 2015 साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने सुमारे नऊ लाख सायकली परत मागवल्या, कारण दांडी फार मागे उघडली तर ती डिस्क ब्रेकमध्ये अडकू शकत होती. तेव्हा एखाद्या तासाला सायकल वर्गात आणा, आणि प्रत्येकाकडून ती एकदा उघडून मिटवून घ्या. सुटताना आपापली दांडी पाहूनच बसायचे, अशी सवय लावा.

आणि बाजारात सायकल लावताना साखळी पुढच्या चाकातून घालायला विसरू नका. जे चाक तुम्हाला पान्याशिवाय काढता येते, ते दुसऱ्यालाही येते. जुने चाक, नट आणि आकड्याचे वायसर मात्र भंगारात देऊ नका. एका पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा. सळी कधी तुटलीच, तर नवी मिळेपर्यंत तेच चाक घालून सायकल चालेल.