मार्कंड्याचे उतरवलेले शिखर

महाशिवरात्र आली की झाडीपट्टीतली पावले मार्कंड्याकडे वळतात. सिंदेवाही, राजोलीकडची माणसे मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडतात आणि गडचिरोलीहून चामोर्शीच्या रस्त्याला लागतात. मार्कंडादेवला दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा वळसा घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनीत स्नान करायचे, ओल्या कपड्यांनी रांगेत उभे राहायचे, महादेवाला बेल वाहायचा, असा हा नेम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अल्पायुषी मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारून यमाला परत पाठवले ती हीच जागा, अशी इथली श्रद्धा आहे.

या देवळाला ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणतात. या तुलनेमागे जुनी पाहणी आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात इथे आले. मंदिरसमूहाचे मोजमाप घेऊन त्यांनी आपल्या अहवालमालेच्या नवव्या खंडात त्याचे सविस्तर वर्णन केले आणि त्याच्या शैलीचे नाते खजुराहोशी जोडले. सुमारे 196 फूट लांब आणि 118 फूट रुंद आवारात लहानमोठी वीसेक देवळे, भोवती दगडी कोट आणि मधोमध मार्कंडेयाचे मुख्य मंदिर, असा तो पसारा होता. बांधकामाचा काळ साधारण दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. गावात मात्र कोणतेही जुने दगडी देऊळ हेमाडपंती ठरते, तसे हेही ठरले. हेमाडपंती हे नाव ज्याच्यावरून पडले तो हेमाद्री तेराव्या शतकातला. या देवळाची शैली त्याच्या आधीची आहे.

मुख्य मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर मूर्तींचे तीन थर एकावर एक चढत जातात. देव, सुरसुंदरी, मिथुने, व्याल. त्यांच्या वर हंसांच्या आणि माकडांच्याही ओळी आहेत. सकाळचे ऊन तिरपे पडते तेव्हा मूर्तींच्या कमरेची वळणे, दागिन्यांच्या कडा उठून दिसतात. दुपारी तीच भिंत सपाट वाटते. बहुतेक भाविक नेमके दुपारी पोचतात आणि ही भिंत न पाहताच परततात, याची हळहळ वाटते.

कनिंगहॅमनी पाहिले ते देऊळही मूळ रूपातले नव्हते. जुन्या नोंदींप्रमाणे अठराव्या शतकात शिखरावर वीज पडली. वरचे जड दगड महामंडपावर कोसळले आणि मंडपाचे छत फुटले. पुढे एका गोंड सरदाराने ते सावरले. शिल्पी कुठून आणणार? त्याने आत जाडजूड, बिननक्षीचे खांब उभे केले, त्यांवर ओबडधोबड कमानी टाकल्या आणि छताला टेकू दिला. आत शिरल्यावर हा फरक लगेच कळतो. मूळ खांबावर नक्षी तळापासून माथ्यापर्यंत चढत गेलेली, आणि शेजारच्या नव्या खांबाचा दगड नुसता रचलेला.

कलेच्या अभ्यासकांनी या दुरुस्तीला नाके मुरडली. तसे करणे बरोबर नाही. वीज पडून उघड्या झालेल्या मंडपात चंद्रपूर-गडचिरोलीचा पाऊस वर्षानुवर्षे कोसळला असता, तर आज मोजायला ढिगाराच उरला असता. ज्या गोंड राज्याने या मुलखात तलाव खोदवले, चंद्रपूरला परकोट दिला, त्याच परंपरेतला हा हात आहे. देवळाच्या इतिहासात त्या खांबांचा मान मूर्तींइतकाच आहे.

दगडी वास्तू एकदा बांधली की तशीच राहते, हा समज ताजमहालसुद्धा खोटा ठरवतो. त्याचा संगमरवर पिवळा पडतो, किड्यांच्या विष्ठेने हिरवट होतो आणि मुलतानी मातीचे लेप देऊन तो पुन्हा उजळवावा लागतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या रंगाची विचारपूस करावी लागली. मार्कंड्याचा दगड संगमरवर नाही, पण झीज त्यालाही चुकत नाही. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, उन्हाळ्यात ते वाळून काळे पडते, सांध्यांत रोपे रुजतात आणि त्यांची मुळे दगड ढकलतात.

गेल्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले आणि शिखराचे दगड उतरवायला सुरुवात केली. अशा कामाची रीत ठरलेली असते. प्रत्येक दगडाला क्रमांक द्यायचा, त्याची जागा नकाशात नोंदवायची, भेगाळलेला दगड बदलायचा आणि सगळे पुन्हा त्याच क्रमाने चढवायचे. रीत चांगली आहे, पण तिला खंड पडून चालत नाही. इथे काम वर्षानुवर्षे रखडले. यात्रेकरूंना शिखराऐवजी परांच्या आणि खाली मांडून ठेवलेले दगड दिसू लागले, तेव्हा जिल्ह्यातून संताप उमटला. तो रास्तच होता. जमिनीवर पडलेल्या कोरीव दगडाची झीज भिंतीतल्या दगडाहून लवकर होते, आणि त्यावरचा क्रमांक पुसला गेला तर त्याची जागाही हरवते.

म्हणून दोन मागण्या. शिखर चढवण्याची मुदत ठरवावी आणि ती जाहीर करावी. आणि कोटाच्या दाराशी कनिंगहॅमच्या काळातला आराखडा, विजेची आणि गोंड दुरुस्तीची हकीकत मराठीत फलकावर लावावी, म्हणजे दर्शनाला आलेल्या माणसाला आपण काय पाहतो आहोत ते कळेल. पुढच्या शिवरात्रीला जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा. रांगेत शिरण्याआधी मंदिराला बाहेरून एक प्रदक्षिणा घाला, आणि आत गेल्यावर ते बिननक्षीचे खांबही पाहा.