घसरणाऱ्या गिअरचे निदान : जनरल मोटर्सची ७००-आर४ गिअरपेटी

स्वयंचलित गिअरपेटी घसरते म्हणजे इंजिनाची रेस वाढते, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. हाताने गिअर टाकायच्या गाडीची क्लच प्लेट गेल्यावर घाटात हाच अनुभव येतो. मात्र तेथे क्लच एकच असल्यामुळे दोष कुठे आहे हे शोधावे लागत नाही. स्वयंचलित पेटीत अनेक क्लच, त्यांना आवळणारा तेलाचा दाब आणि तो दाब कोठे व किती पाठवायचा हे ठरवणाऱ्या झडपा एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे ‘घसरते’ एवढ्या तक्रारीवरून काहीच निश्चित सांगता येत नाही. या तक्रारीचा उलगडा कसा करायचा हे समजून घेण्यासाठी जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक ७००-आर४ या पेटीइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. १९८२ च्या शेव्हरोले कॉर्वेटमध्ये ती प्रथम बसवली गेली आणि त्या वर्षी या क्रीडा-गाडीत दुसरी कोणतीही गिअरपेटी मिळत नव्हती. पुढे ती कॅमॅरो आणि फायरबर्डमध्येही आली, आणि जुन्या अमेरिकी वेगवान गाड्या जपणाऱ्यांच्या गॅरेजमध्ये ती आजही दुरुस्तीला येते.

या पेटीमागे मोठी परंपरा आहे. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जहाजांच्या इंजिनांसाठी द्रवाच्या प्रवाहातून शक्ती पोहोचवण्याची युक्ती शोधली. त्याच तत्त्वावरचा द्रव-जोड आणि ग्रहीय दंतचक्रे, म्हणजे मध्यचक्राभोवती फिरणाऱ्या लहान चक्रांचा संच, यांचा मेळ घालून जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी हायड्रामॅटिक ही मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली पूर्ण स्वयंचलित पेटी तयार केली. १९७० च्या दशकातील इंधनटंचाई आणि त्यानंतर आलेले इंधन-बचतीचे अमेरिकी कायदे यांमुळे तीन गिअरच्या पेट्या अपुऱ्या ठरू लागल्या, तेव्हा चौथा, म्हणजे इंजिनापेक्षा पुढचा दांडा अधिक वेगाने फिरवणारा ओव्हरड्राइव्ह गिअर असलेली ७००-आर४ आली. तिच्या चार गिअरांची प्रमाणे अनुक्रमे ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० अशी आहेत. पहिला गिअर गाडीला जोरात उचलतो, चौथा महामार्गावर इंजिन शांत ठेवतो, आणि पहिल्या-दुसऱ्यामधल्या मोठ्या अंतराची किंमत आतल्या घटकांना मोजावी लागते.

आत काय चालते

इंजिनाला जोडलेला टॉर्क कन्व्हर्टर तेलाच्या माध्यमातून शक्ती पुढे देतो. त्यात लॉकअप नावाचा एक क्लच असतो. स्थिर वेगात तो बसला की इंजिन आणि पेटी यांच्यात थेट यांत्रिक जोड होतो आणि तेलामुळे होणारा फेऱ्यांचा नाश थांबतो. त्यामागे ग्रहीय दंतचक्रांचे दोन संच असतात, आणि त्यांतील कोणते चक्र फिरवायचे व कोणते रोखून धरायचे यावर गिअर ठरतो. हे काम पाच बहुचकती क्लच, ड्रमभोवती आवळला जाणारा एक पट्टा, म्हणजे बँड, आणि एकाच दिशेने भार घेणारे दोन एकदिश क्लच मिळून करतात. बहुचकती क्लचमध्ये घर्षण-पदार्थ चिकटवलेल्या चकत्या आणि साध्या पोलादी चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकला की त्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि एकत्र फिरू लागतात.

हा दाब पेटीतील पंप निर्माण करतो आणि त्याला लाइन प्रेशर म्हणतात. ॲक्सिलरेटरवर पाय टेकलेला असताना तो सुमारे ६० पौंड प्रति चौरस इंच एवढा असतो, कारण तेव्हा चकत्यांवर भार कमी असतो. पाय पूर्ण दाबला की तो दुपटीहून अधिक व्हावा लागतो. पाय किती दाबला आहे हे पेटीला इंजिनाच्या थ्रॉटलपासून व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत गेलेली एक तार कळवते. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे झडपांचा आणि तेलवाटांचा धातूचा ठोकळा. मेकॅनिक या तारेला टीव्ही केबल म्हणतात. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. गाडीचा वेग मात्र मागच्या दांड्यावर फिरणारा गव्हर्नर कळवतो, आणि या दोन संकेतांच्या तुलनेतून गिअर कधी बदलायचा हे ठरते. या पिढीत गिअर बदलण्याचा निर्णय संगणकाकडे नव्हता. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ४एल६०-ई या तिच्या वारसदाराने तो संगणकाकडे सोपवला.

यातून निदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट निघते. टीव्ही केबल थोडी जरी सैल असली, तरी पाय पूर्ण दाबूनही पेटीला तो कमी दाबला आहे असे वाटते आणि ती दाबही कमी देते, त्यामुळे चकत्या पुरत्या आवळल्या न जाता एकमेकींवर घासत राहतात व काही काळाने जळतात. जुन्या कॅमॅरोमध्ये मूळचा कार्बोरेटर काढून बाजारातला दुसरा बसवला आणि त्याच्या थ्रॉटल-दांडीवर केबल जोडण्याचे टोक वेगळ्या अंतरावर असले, तर केबलचा खेच आणि थ्रॉटलची उघडझाप यांचे नाते बिघडते, आणि पेटीला हात न लावताही ती खराब होते.

तेल

तेल येथे वंगण तर करतेच, शिवाय दाब वाहून नेते, उष्णता काढते आणि चकत्यांमधील घर्षण नेमके किती असावे हेही ठरवते. अमेरिकेत पूर्वी या तेलात स्पर्म व्हेलच्या तेलापासून केलेले घटक घर्षण-नियामक म्हणून घालत असत. १९७० च्या दशकाच्या आरंभी व्हेल-तेलावर बंदी आल्यावर पर्यायी रसायने शोधावी लागली आणि त्या संक्रमणकाळात पेट्या बिघडण्याच्या तक्रारी वाढल्या. जनरल मोटर्सचे डेक्सरॉन हे मानांकन त्यानंतर अनेकदा बदलले. कोणते तेल घातले आहे, याचा घसरणीशी थेट संबंध असतो, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.

तेलाची पातळी इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जमिनीवर, लिव्हर पार्कमध्ये ठेवून पाहतात. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. पातळी फार जास्त असली तर फिरणारे भाग तेल घुसळून त्याचा फेस करतात. दोन्हींचा परिणाम एकच, म्हणजे दाब कमी पडणे. तेल लालसर आणि स्वच्छ असेल तर आशेला जागा असते. ते तपकिरी-काळे झाले असेल आणि जळका वास येत असेल, तर चकत्या जळल्या आहेत असे समजावे.

वजाबाकीचे शास्त्र

पहिला प्रश्न असा की पेटी खरोखर घसरते आहे काय. १९८० च्या दशकातील कॉर्वेटमध्ये मागच्या ॲक्सलचे प्रमाण ३.०७ आणि टायरचा परीघ सुमारे २.०८ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने चौथ्या गिअरमध्ये लॉकअप बसलेला असताना इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे १७०० असायला हवेत. काटा काहीशे फेऱ्यांनी वर असेल, तर कदाचित केवळ लॉकअप बसलेला नसेल. ॲक्सिलरेटर दाबताच तो झपाट्याने चढत असेल आणि गाडी मागेच राहत असेल, तर ती घसरण. स्थिर वेगात गाडी थरथरत असेल तर ब्रेक पेडलला हलकेच पाय लावून पाहतात, कारण ब्रेकच्या स्विचमुळे लॉकअप सुटतो. थरथर तत्काळ थांबली तर दोष लॉकअपकडे वळतो, न थांबल्यास इंजिनाच्या मिसफायरिंगचाही विचार करावा लागतो.

घसरण निश्चित झाल्यावर ती कोणत्या गिअरमध्ये होते हे पाहायचे असते. पुढच्या चारही गिअरांत फॉरवर्ड क्लच लावलेला असतो. दुसऱ्यात त्याच्या जोडीला बँड येतो. तिसऱ्यात बँड सुटून तीन-चार नावाचा क्लच येतो. चौथ्यात तीन-चार क्लच आणि बँड दोन्ही असतात. पहिल्यात गाडी पुढे ढकलताना लो रोलर हा एकदिश क्लच भार घेतो. या मांडणीवरून वजाबाकी करता येते. दुसरा आणि चौथा घसरतात, पण तिसरा धरतो, तर संशय बँडवर किंवा त्याला आवळणाऱ्या सर्व्हो-पिस्टनवर जातो. पहिले दोन धरतात, पण तिसरा आणि चौथा घसरतात, तर तीन-चार क्लच. ड्राइव्हमध्ये पहिला घसरतो, पण लिव्हर १ वर ठेवल्यास धरतो, आणि वेगात आल्यावर दुसराही धरतो, तर लो रोलर, कारण लिव्हर १ वर असताना लो-रिव्हर्स क्लच त्याच्या मदतीला येतो.

रिव्हर्स घसरत असेल तर रिव्हर्स-इनपुट आणि लो-रिव्हर्स हे दोन क्लच संशयित उरतात. त्यांतला एक वगळण्यासाठी लिव्हर १ वर ठेवून गाडी हळू चालवतात आणि ॲक्सिलरेटर सोडतात. इंजिनाने गाडी रोखून धरली तर लो-रिव्हर्स निर्दोष ठरतो आणि दोष रिव्हर्स-इनपुटकडे जातो. सगळेच गिअर घसरत असतील तर कोणत्याही एका क्लचला जबाबदार धरण्यापूर्वी पंप, गाळणी, तेलाची पातळी आणि दाब नियंत्रित करणारी झडप तपासायला हवी. पेटी न उघडता, केवळ गाडी चालवून आणि लक्ष देऊन दोष इतका आकुंचित करता येतो.

दोषी गिअर सापडला, तरी तो का दोषी झाला हे अजून कळलेले नसते, आणि अनेक दुरुस्त्या येथेच फसतात. म्हणून पुढचे साधन दाबमापक. पेटीच्या डाव्या कुशीवर, लिव्हरच्या दांड्याच्या वरच्या बाजूला एक लहान पाना-बूच असते. ते काढून तेथे दाबमापकाची नळी जोडतात. आधी केबल मोकळी असताना आणि नंतर ती हाताने पूर्ण खेचून दाब पाहतात. केबल खेचल्यावर दाब ठरल्याप्रमाणे चढला, तर पंप आणि झडपा ठीक आहेत, आणि दोष केबलच्या बसवणीत किंवा त्या एका क्लचच्या वाटेत आहे. चढला नाही, तर दोष सगळ्यांना दाब पुरवणाऱ्या मूळ ठिकाणी आहे. केबल बसवण्याची पद्धत सोपी आहे: इंजिन बंद ठेवून थ्रॉटलकडच्या टोकावरचे बटण दाबायचे, सरकता भाग थांबेपर्यंत मागे ढकलायचा, बटण सोडून थ्रॉटलची दांडी शेवटपर्यंत उघडायची, केबल कट्‌कट् आवाज करत आपोआप योग्य जागी येते.

मग तेलाची तळथाळी उतरवतात. चुंबकावर राखाडी, मऊ गाळ असणे स्वाभाविक आहे. काळे कण चकत्यांचे घर्षण-पदार्थ उतरल्याची, पितळी चकाकी बुशिंग झिजल्याची खूण असते. व्हॉल्व्ह बॉडी उतरवल्यावर केसमधील तेलवाटांच्या तोंडाशी दबावाची हवा कमी जोराने सोडून एकेक क्लच तपासता येतो. निरोगी पिस्टन ‘थप्’ असा बसका आवाज करून हलतो आणि हवा बंद केली की मागे येतो. नुसता फुसफुसाट झाला तर त्याची सील फाटली किंवा कडक झाली आहे. थंड असताना घसरणारी आणि गरम झाल्यावर धरणारी पेटी बहुधा याच कडक झालेल्या सीलकडे बोट दाखवते, तर गरम झाल्यावरच घसरणारी पेटी पंप आणि झडपांच्या झिजेकडे, कारण पातळ झालेले तेल प्रत्येक फटीतून निसटते.

तीन-चार क्लचचा प्रश्न

वेगवान गाडीत यांपैकी सर्वाधिक वेळा जळतो तो तीन-चार क्लच. फॉरवर्ड आणि ओव्हररन हे दोन क्लचही त्याच ड्रममध्ये बसवलेले असल्याने त्याच्या चकत्यांना जागा कमी मिळते. पाय पूर्ण दाबून ५००० फेऱ्यांवर दुसऱ्याचा तिसरा गिअर पडताना इंजिनाला सुमारे ३१०० फेऱ्यांवर आणण्याचा सगळा भार क्षणभर त्याच चकत्यांवर येतो.

यातही एक गुंता आहे. तिसरा गिअर पडताना या क्लचकडे जाणाऱ्या तेलाची एक वाट सर्व्होच्या सोडवणाऱ्या बाजूलाही जाते, म्हणजे बँड सुटणे आणि क्लच आवळणे एकाच दाबावर अवलंबून असते. त्या वाटेतील लहान गोळी-झडप गळू लागली किंवा सर्व्होची सील गेली, तर तेल तेथून निसटते आणि तीन-चार क्लचला दाब कमी पडतो. पेटी उघडल्यावर मात्र जळालेल्या दिसतात त्या केवळ चकत्या. नव्या चकत्या घालून पेटी परत बसवली, पण गोळी-झडप, सर्व्होची सील आणि केबल तशीच राहिली, तर नव्या चकत्याही त्याच मार्गाने जातात. अनेकदा दुसऱ्यांदा पेटी उघडणाऱ्याला पहिल्याचे काम निकृष्ट वाटते, वास्तविक चुकलेले असते ते निदान.

७००-आर४ च्या उत्पादनकाळात जनरल मोटर्सने आतील अनेक भाग बदलले, त्यामुळे उत्तरार्धातील पेट्या सुरुवातीच्या पेट्यांपेक्षा टिकाऊ मानल्या जातात. कॉर्वेटसाठी केलेला मोठ्या क्षेत्रफळाचा सर्व्हो-पिस्टन इतर गाड्यांच्या पेट्यांतही बसवतात, कारण तेवढ्याच दाबाने तो बँड अधिक जोराने आवळतो. या सुधारणा उपयोगी आहेत, पण त्या निदानाची जागा घेऊ शकत नाहीत. जळालेली चकती हा घसरणीचा परिणाम आहे, तिचे कारण बहुतेक वेळा दाबाच्या वाटेवर असते. म्हणूनच नवी बांधलेली पेटी गाडीत चढल्यावर, गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी, केबल मोकळी असताना आणि पूर्ण खेचल्यावर असा दोन्ही वेळचा दाब मापकावर पाहून नोंदवणे हा दुरुस्तीचाच भाग मानला पाहिजे. तो दाब बरोबर येत नसेल, तर पेटी कितीही नवी असली तरी काम पुरे झालेले नसते.