उभ्या गाडीलाही विमा का हवा?

कोथरूडमधील अनेक सोसायट्यांत उन्हाळ्याच्या सुमारास एक दृश्य हमखास दिसते. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी निघालेले ज्येष्ठ दाम्पत्य गाडीवर कापडी आच्छादन घालते, किल्ली शेजाऱ्यांकडे सोपवते आणि चार-सहा महिन्यांसाठी दाराला कुलूप लागते. विम्याची मुदत नेमकी याच काळात संपत असेल, तर साहजिकच विचार येतो की, गाडी चालणारच नाही, मग हप्ता कशासाठी? परतल्यावर पाहू.

वरकरणी बिनतोड वाटणाऱ्या या हिशेबात एक चूक आहे. गाडी चालली तरच नुकसान होते, हे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः मोटार विम्याचे दोन भाग असतात. पहिला, दुसऱ्याला झालेल्या इजेच्या भरपाईचा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरण्यासाठी तो सक्तीचा आहे. दुसरा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, तो ऐच्छिक. चोरी, आग, पूर, अंगावर कोसळलेले झाड हे सारे या दुसऱ्या भागात येते आणि उभ्या गाडीला भय असते ते नेमके याच गोष्टींचे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात वाहून गेलेल्या अनेक गाड्या रात्रीच्या विश्रांतीसाठी उभ्या केलेल्याच होत्या. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतही सोसायट्यांच्या वाहनतळांत पाणी शिरले. परदेशवारीचा काळ आणि पुण्याचा पावसाळा बहुधा एकच असतो, हे विसरून चालणार नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही 'उभी' म्हणजे 'वापरात नसलेली' असे समीकरण नाही. महाराष्ट्रात 1987 साली महामार्गावर उलटून पडलेल्या टँकरमधून पेट्रोल गळत राहिले आणि काही तासांनी स्फोट होऊन जीवितहानी झाली. स्थिर अवस्थेतील वाहनही 'वापरात' असू शकते, असा निर्वाळा त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिला. बॅटरी उतरू नये म्हणून शेजाऱ्याने गाडी चौकापर्यंत फिरवून आणली, तर प्रश्नच मिटला. तेव्हा सक्तीचा विमा हवाच.

आणखी एक गैरसमज नव्या वाहनांबाबत होतो. सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन, तर नव्या दुचाकीला पाच वर्षांचा सक्तीचा विमा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र अनेकदा एकाच वर्षाचा असतो. कागदावर पाच वर्षे पाहून निश्चिंत झालेल्या मालकाची स्कूटर चोरीला गेल्यास हाती काही लागत नाही.

खंड पडल्याची किंमतही मोजावी लागते. मधल्या काळातील नुकसान भरून मिळत नाही. सामान्यतः गाडीची तपासणी झाल्याखेरीज नवा विमा दिला जात नाही. दावा न केल्याबद्दल मिळणारी, 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी सवलत मुदत संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण न केल्यास बुडते. सहा महिन्यांनी परतणाऱ्याची वर्षानुवर्षांची पुंजी अशी एका फटक्यात जाते.

मग न चालणाऱ्या गाडीचा पूर्ण हप्ता भरणे न्याय्य आहे काय? हा प्रश्न सागरी विम्याला जुना आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. विसावलेल्या जहाजाच्या काळातील काही हप्ता परत देण्याची पद्धत सागरी विम्यात रूढ आहे. जोखीम घटली की हप्ता घटावा, पण छत्र मिटू नये, हे त्यामागील तत्त्व. भारतीय मोटार विम्याच्या 2002 च्या दरपत्रकातही सलग दोन महिने बंद राहिलेल्या गाडीसाठी अशी तरतूद होती. जुलै 2022 पासून विमा नियामक प्राधिकरणाने प्रत्यक्ष धावलेल्या अंतरावर हप्ता ठरवणाऱ्या पूरक योजनांना मुभा दिली आहे. कमी धावणाऱ्या गाडीच्या मालकाने त्याची चौकशी जरूर करावी.

प्रवासाच्या तयारीत म्हणूनच विम्याच्या दोन्ही भागांच्या तारखा स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि मुदत संपण्यापूर्वीच नूतनीकरण करावे. गाडीच्या दोन्ही किल्ल्या कोठे आहेत याची नोंद ठेवावी. चोरीच्या दाव्यात त्या मागितल्या जातात. शेजाऱ्यांना एक सूचना आवर्जून द्यावी: वाहनतळात पाणी शिरले, तर गाडी सुरू करून पाहू नये. पाण्यात सुरू केल्याने इंजिनाचे झालेले नुकसान, वेगळे पूरक संरक्षण घेतले नसल्यास, सहसा भरून मिळत नाही.