जड सोने वाहून का गेले?

सोन्याची घनता दर घनसेंटीमीटरला १९.३ ग्रॅम, वाळूची सुमारे २.६५. म्हणून नदीतील रेती पाण्यात घोळवली की वाळू वाहून जाते आणि सोने तळाशी राहते. मग अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवर हा हिशेब का चुकला?

१८८३ साली कॅस हाइट यांना युटाच्या वाळवंटातील ग्लेन कॅन्यनमध्ये नदीकाठच्या रेतीत सोने आढळले. सोने शोधणारे होड्यांतून तेथे फिरू लागले. १९०० साली रॉबर्ट स्टँटन या अभियंत्याने तर नदीवर तरंगते यंत्रच उभारले. रहाटगाडग्यासारखी बादल्यांची माळ तळाची रेती उपसणार होती. खर्च लाख डॉलरच्या घरात. १९०१ मध्ये हाती आले जेमतेम ६७ डॉलरचे सोने!

कारण तेथील सोने पिठासारखे बारीक होते. कण जितका लहान, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त. म्हणून पाण्याचा विरोध वरचढ ठरतो. अतिसूक्ष्म कणाचा व्यास निम्मा झाला, तर त्याचा बुडण्याचा वेग चौथाईवर येतो. तो तळाशी बसण्याआधीच प्रवाह त्याला घेऊन जातो.

आपण वर्गात विटेचा खडा आणि त्याच विटेची वस्त्रगाळ भुकटी पाण्याच्या दोन ग्लासांत टाकून पाहू. पदार्थ एकच, मग भुकटी मागे का रेंगाळते, हे मुलांनाच विचारू या.